फडकी सुटली तेव्हा

रस्ता म्हणावा तर रस्ता, बोळ म्हणावा तर बोळ. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या दगडी भिंती, भिंतींपलीकडे द्राक्षांच्या ओळी आणि मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. त्या वाटेवर आमची पर्यटकांची मिनीबस आणि समोरून आलेला एक ट्रॅक्टर नाकाला नाक लावून उभे राहिले. माझ्या आयुष्यातलं पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं, पण त्या घटकेला मला फक्त संताप आला होता.

मी बसची गाईड. हातात माईक असला की मला थांबवणं कठीण, आणि नसला तरी फारसं सोपं नाही. आमच्या या डोंगरउतारावर सगळे मला टकळीच म्हणतात. ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं, हात छातीशी बांधले आणि म्हणाले, "तूच उतर बाई. तुझ्याशी बोलून माणूस आपोआप मागे जातो."

उतरले. ट्रॅक्टरवर एक उंच, उन्हाने रापलेला तरुण बसला होता. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या, नखांत द्राक्षांचा जांभळा रंग. या वाटेचा एक जुना नियम आहे : भरलेली गाडी पुढे जाते, रिकामी मागे हटते. मी त्याला तो ऐकवला आणि गाडी मागे घ्यायला सांगितलं.

"माझी भरलेली आहे," तो म्हणाला.

"माझीपण."

"तुमच्यात माणसं आहेत."

"मग?"

"माणसं उन्हात आंबत नाहीत."

"आमच्या बसचा एसी बघितला नाहीत तुम्ही."

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला... पण हसू काही बाहेर आलं नाही. त्याच्यामागे ट्रेलरमध्ये काळ्या द्राक्षांचे क्रेट रचलेले होते आणि ऊन चढत होतं. मी बागवाल्याची मुलगी आहे. तोडलेली द्राक्षं उन्हात तापली की काय होतं, हे मला माईकवरून कुणी सांगायला नको. मी मुकाट्याने बसमध्ये चढले आणि काकांना म्हटलं, घ्या मागे. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सूर्य पश्चिमेकडून उगवला.

वाट जिथे रुंद होते तिथे आम्ही बाजूला झालो. ट्रॅक्टर शेजारून हळूहळू निघाला, आणि तो पठ्ठ्या प्रत्येक खिडकीत एकेक घड देत गेला. पर्यटक टाळ्या वाजवायला लागले. माझ्या खिडकीशी आल्यावर मात्र त्याने रिकामा हात दाखवला, "तुम्ही भांडलात," म्हणाला आणि निघून गेला.

दिवसभर मला तेवढंच वाक्य आठवत होतं. चिडूनच आठवत होतं, असं मी स्वतःला बजावत होते.

तो कोण हे संध्याकाळच्या आत कळलं. मावशीचा भाचा. मावशी तशी सगळ्या उताराचीच मावशी. बागवाल्यांच्या मंडळाची प्रमुख, आणि तिच्या शब्दापुढे जायची कुणाची प्राज्ञा नाही. भाचा बाहेरून वाइन बनवायचं शिकून आला होता आणि तिचं तळघर सांभाळायला लागला होता. चार शब्द विचारले तर एक देतो, म्हणून लोकांनी त्याचं नाव घुम्या ठेवलं होतं. मी म्हटलं, माझ्याशी तर चांगला फाडफाड बोलला. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आता माझं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. वर्षभरापूर्वी मी बाबांच्या तळघरात चाखायची खोली उघडली होती. चार बाकं, एक लांब टेबल, भिंतीला पिंपं. बाबा वाइन सुरेख करतात, पण विकायची कशी हे त्यांना कधी जमलं नाही. माणूस इथे आला, त्याने वेली पाहिल्या, घोट घेतला, की बाटली आपणहून त्याच्या पिशवीत जाते, हे मला कळलं होतं. सुरुवातीला कुत्रं फिरकत नव्हतं. मग समोरच्या टेकडीवर मोठं हॉटेल झालं आणि पर्यटकांचा लोंढाच लागला. लोंढा म्हटला की चिखलही येतो. बसमुळे ऐन तोडणीत वाट अडायची. फोटोसाठी लोक कुणाच्याही बागेत घुसायचे. एकाने तर मावशीच्या वेलींच्या तारेवर झोका घेतला, तार तुटली आणि वर त्याने विचारलं, ही मजबूत का नाही बांधत?

मावशीने जाहीर केलं, वाट बसला बंद करायची. मंडळाच्या सभेत हात वर करून ठरवायचं, आणि सभा दरवर्षीप्रमाणे नवी वाइन पहिल्यांदा चाखायच्या दिवशी. बाबांचे गुडघे गेलेले. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, की वाट बंद झाली तर तुझी खोलीही बंद होईल, आणि मग मी बाग हॉटेलवाल्यांना देऊन टाकेन. हॉटेलवाल्यांना तिथे पोहण्याचा तलाव हवा होता. आजोबांनी लावलेल्या वेली उपटून तलाव! मी त्या रात्री जेवले नाही. माझ्या हातात एक हंगाम होता.

तर वाटेवरच्या त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी तो दारात उभा. हातात एकच घड, पानासकट. "कालचा राहिला होता," म्हणाला.

मी त्याला आत बसवलं आणि बाबांची वाइन पुढे केली. त्याने ग्लास उजेडात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले. मी उगीचच टेबल पुसत त्याच्या पापण्यांकडे बघत राहिले. मग त्याने घोट तोंडात फिरवला आणि कोपऱ्यातल्या मडक्यात नीटसपणे थुंकला.

"एवढी वाईट आहे?"

"गिळली तर आणखी मागेन," तो म्हणाला, "आणि मला ट्रॅक्टर चालवायचाय."

त्यानंतर तो रोज काही ना काही मागायला यायला लागला. कधी पाना, कधी गाळणी, कधी रबरी नळी. घेऊन जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायला यायचा. मावशीच्या तळघरात अशा नळ्यांची वेटोळी पडलेली असतात हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक होतं. बाबा म्हणायचे, या पोराला नळी एकदाच देऊन टाक, बिचाऱ्याचे हेलपाटे वाचतील. मी म्हणायचे, बघू.

एकदा मी सरळ विचारलं, "सभेत तुम्ही कुणाच्या बाजूने?"

तो नळी गुंडाळत राहिला. "मीठ मावशीचं खातो," तो म्हणाला.

"आणि वाइन आमची पिता."

"थुंकतो," तो म्हणाला, आणि या वेळी हसला. मीही हसले. पण तो गेल्यावर मला रडू आलं, कारण त्याने उत्तर दिलं नव्हतं आणि ते मी फार मनाला लावून घेतलं होतं.

मग तो दिवस आला. मावशीच्या वरच्या तुकड्यातली काळी द्राक्षं ऐन पिकलेली, आणि डोंगरामागून ढग वर चढलेले. संध्याकाळपर्यंत पाऊस कोसळणार आणि फुगलेला मणी न् मणी फुटणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तोडणीची माणसं मात्र आलीच नाहीत. समोरच्या हॉटेलात मोठा समारंभ होता, वाढपी आणि हमाल म्हणून सगळ्यांना तिकडे उचललं होतं. मावशी माणसं शोधायला शहरात गेली होती. आमची बस वळणावर आली तेव्हा घुम्या भिंतीवर एकटा बसला होता, शेजारी रिकाम्या क्रेटची चळत. मला त्याचा तो चेहरा बघवेना.

मी माईक घेतला. आज चाखणं रद्द, म्हटलं. कुणाला द्राक्षं तोडायची असतील तर इथे उतरायचं, नसतील तर काका परत सोडतील. आता आपलं नाक कापलं जाणार असं वाटत असताना मागच्या सीटवरच्या एक निवृत्त मुख्याध्यापक बाई उठल्या आणि कडक आवाजात म्हणाल्या, "कात्री कुठे मिळेल?" बाई उठल्यावर बाकीची बस बसून राहील काय!

घुम्याने सगळ्यांना घड कसा धरायचा ते दाखवलं. मी नियम सांगितला. त्या तुकड्यात काळ्या द्राक्षांच्या मधे मधे पांढऱ्या द्राक्षांच्याही ओळी आहेत, मावशीच्या सासऱ्यांनी लावलेल्या. त्यांची वाइन वेगळी होते, म्हणून त्या शेवटी तोडतात. ओळखायची खूण म्हणून त्या ओळींच्या पहिल्या खांबाला पांढरं फडकं बांधलेलं असतं. "फडकं दिसलं की ती ओळ सोडायची," मी ओरडून सांगितलं, "बाकी दिसेल ते तोडा."

आणि काय तोडलं म्हणता! बँकेतली माणसं, नवी लग्न झालेली जोडपी, एक दाताचे डॉक्टर, सगळे घामाघूम. ड्रायव्हरकाका क्रेट वाहत होते. मी आणि तो ट्रेलरपाशी, तो खालून क्रेट द्यायचा, मी वर रचायची. हात हाताला लागत होते. एकदा मी तोल जाऊन पडणार होते, त्याने दंड धरला आणि... सोडायला विसरला.

"तू एवढी बडबड करतेस," तो म्हणाला, "आणि आता गप्प का?"

"'तुम्ही' नाही, 'तू' म्हणालास."

"चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "पण पुन्हा एकदा म्हण, म्हणजे खात्री होईल."

किती वेळ आम्ही असे होतो देव जाणे. वारा सुटला, पहिला थेंब माझ्या कपाळावर पडला आणि मी वर पाहिलं. ओळींमधून मुख्याध्यापक बाई येत होत्या. त्यांच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं होतं. त्यांच्यामागे दाताचे डॉक्टर, डोक्याला फडकं. नव्या नवरीच्या गळ्यात फडकं. बाईंचं बोट कापलं होतं, म्हणून त्यांनी खांबावरचं एक सोडलं, आणि ती आपल्यासाठीच ठेवलीत असं समजून बाकीच्यांनी ऊन लागू नये म्हणून उरलेली सोडली. मी क्रेटमध्ये बघितलं. काळ्या घडांत पांढरे घड, पांढऱ्यांत काळे, सगळ्या ट्रेलरभर. कुणी काही सोडलं नव्हतं.

निवडायला वेळ नव्हता. पाऊस धो धो सुरू झाला आणि त्यातच मावशीची गाडी आली. तिने एक क्रेट पाहिला, दुसरा पाहिला. ओरडली नाही, तेच जास्त वाईट होतं. "काळी गेली ती गेली, पांढरीही गेली," ती म्हणाली. "गाढवही गेलं न् ब्रह्मचर्यही गेलं." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मला बसवाल्यांचा पुळका का येत नाही, ते आता तरी कळलं का?" मला कळलं होतं. मी मान खाली घालून बसकडे चालू लागले. तो मागून येईल असं वाटलं होतं... तो क्रेट झाकत राहिला.

नंतरही तो आला नाही. नळी आमच्याकडेच पडून राहिली. तो मावशीच्या तळघरातून बाहेर पडत नाही, एवढंच कानावर यायचं. हॉटेलचा माणूस मात्र दोनदा येऊन गेला आणि बागेत दोरी धरून तलावाची मापं घेऊन गेला. मी खोली रोज झाडायची, ग्लास पुसायची, आणि पर्यटकांपुढे तोंडभर बोलायची. रात्री उशी ओली व्हायची. मला तो आवडला होता, नुसता आवडला नव्हता, प्रेमच होतं ते. आणि ज्या चुकीमुळे ते मला कळलं तिनेच त्याच्या घरचा हंगाम नासला होता. सांगणार कुणाला?

सभेचा दिवस उजाडला. मंडळाच्या लांब खोलीत सगळे बागवाले जमलेले, टेबलावर प्रत्येकाच्या नव्या वाइनचा एकेक जग. बाबा माझा हात धरून बसले होते. त्यांनी मला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, जे होईल ते मान्य करायचं, तमाशा नको. शेवटी घुम्या आला आणि त्याने टेबलाच्या टोकाला एक जादा जग ठेवला.

"ही चुकीची," तो म्हणाला. "काळी-पांढरी एकत्र."

खोलीत खसखस पिकली. मावशीने कपाळाला हात लावला, म्हणाली ओतून टाक म्हटलं होतं मी. तो म्हणाला, ओतेन, आधी चाखा.

आमच्या उतारावर कुणी वाइनची स्तुती करत नाही. आवडली तर पुन्हा ग्लास पुढे करतात, बस्स. जग फिरायला लागले. मीही त्या चुकीचा घोट घेतला. रंग इतका गडद, की ग्लासाचा तळ दिसेना. आणि वास... काळ्या द्राक्षांचा भारदस्त वास, त्यातून पिकल्या जर्दाळूसारखं काहीतरी गोड, हलकं वर येणारं. दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाने एकदम गाणं म्हणावं तसं. मी डोळे पुसले. समोर पाहिलं तर टेबलाच्या टोकाशी गर्दी. बाकीचे जग अर्धे भरलेले, आणि तो जादा जग रिकामा. एक म्हातारे बागवाले तो उलटा करून शेवटचा थेंब झटकत होते.

मावशीचा ग्लासही पुन्हा पुढे आला होता. जग रिकामा बघून तिने तो हळूच मागे घेतला, पण सगळ्यांनी पाहिलं.

मग ती मुद्द्यावर आली. वाइन बरी झाली हा नशिबाचा भाग, म्हणाली. प्रश्न वाटेचा आहे. ज्यांना चार फडकी सांभाळता येत नाहीत, त्यांच्यासाठी वाट उघडी ठेवायची का? आणि तुम्ही दोघं तिथे हजर होतात ना? मग लक्ष कुठे होतं तुमचं?

मी उठणारच होते. सगळं माझ्यावर घ्यायचं ठरवून आले होते. पण तो आधी उठला. त्याचे कान लाल झाले होते, आणि सभेत तोंड उघडायची त्याची ती पहिलीच वेळ.

"मी हिच्याकडे बघत होतो," तो म्हणाला.

बाबांनी माझा हात सोडला आणि चष्मा पुसायला घेतला.

"तासभर?" मावशीने विचारलं.

"त्याहून जास्तच," तो म्हणाला, आणि एकदा तोंड उघडलंच म्हणून की काय, पुढेही बोलत राहिला. बस म्हणजे नुसता त्रास असं मीही समजत होतो, म्हणाला. पण त्या दिवशी आपली माणसं हॉटेलात ताटं वाहत होती आणि आपली द्राक्षं या परक्यांनी वाचवली. पाहुण्यांना आपण लांब उभं करून नुसतं पाजतो, म्हणून ते तारेवर झोके घेतात. हातात कात्री दिली तर रक्त निघेपर्यंत राबतात. बस खाली मोठ्या रस्त्याला थांबू दे, माणसं चालत येऊ देत. वाट ट्रॅक्टरला मोकळी आणि पाहुण्यांनाही मोकळी.

एवढी चढण शहरातली माणसं चालतील का, असं कुणीतरी विचारलं. तेवढ्यात दार उघडलं. ड्रायव्हरकाका, त्यांच्यामागे मुख्याध्यापक बाई, दाताचे डॉक्टर, जोडपी, सगळी ती बस. बुटांवर धूळ, चेहरे लालबुंद. घुम्यानेच काकांना निरोप धाडला होता, की तुम्ही तोडलेल्या द्राक्षांची वाइन झालीय, चाखायला या, पण वाटेवर बस आणू नका.

बाई धापा टाकत मावशीपुढे गेल्या. "पहिलं फडकं मी सोडलं," त्या म्हणाल्या. "शिक्षा मला करा. आणि आमची वाइन कुठाय?"

"संपली," मावशी म्हणाली, आणि ती हसताना मी पहिल्यांदा पाहिली. "पिंपात आहे अजून. बसा."

हात वर झाले. मी मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती. विरोधात एकही नव्हता आणि मावशीचा हात सगळ्यांत उंच होता. बाबा माझ्या कानात म्हणाले, हॉटेलवाल्याला सांगून टाकतो, तलाव दुसरीकडे खण. मी त्यांच्या गळ्यात पडले.

मावशीने टेबलावर ग्लास आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि भाच्याला विचारलं, की ही वाइन पुढच्या वर्षी पुन्हा होईल का? किती काळी, किती पांढरी, काही हिशोब आहे का?

"हिशोब काही नाही," तो म्हणाला. "चूक जशी झाली तशीच पुन्हा करावी लागेल. आणि ती मला एकट्याला जमणार नाही." मग तो माझ्याकडे वळला. सगळी सभा, सगळी बस, माझे बाबा, त्याची मावशी, सगळ्यांसमोर. "तू लागशील. दर वर्षी."

"किती वर्षं?" मी विचारलं.

"वेली म्हाताऱ्या होईपर्यंत."

"वेली शंभर वर्षं जगतात."

"माहीत आहे," तो म्हणाला. "लग्न करशील माझ्याशी?"

मी हो म्हटलं. एकदा म्हटलं, मग कुणाला ऐकू आलं नसेल म्हणून मोठ्याने पुन्हा म्हटलं. मुख्याध्यापक बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग खोलीच टाळ्या वाजवायला लागली. मावशी म्हणाली, सभा अजून संपलेली नाही, उरलेलं बोलणं बाहेर जाऊन करा.

आम्ही बाहेर आलो. पण बोललो नाही फारसं. वाट उन्हात मोकळी पडली होती, खाली मोठ्या रस्त्यावर आमची बस उभी दिसत होती, आणि तिला बघून तिच्यामागे आणखी एक बस येऊन थांबत होती. तिच्यातून माणसं उतरली आणि चालायला लागली. मी त्याचा हात धरला. ती माणसं वर आमच्यापर्यंत आली, आमच्याकडे बघून हसली, तरी मी तो सोडला नाही.